कामाच्या गडबडीत स्वतःसाठी वेळ कसा काढायचा: कोकणातल्या माणसांसाठी, हंगामाप्रमाणे

स्वतःसाठी वेळ काढा म्हणून जे सल्ले सगळीकडे फिरत असतात ते बहुतेक शहरात दहा ते सहा नोकरी करणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून दिलेले असतात. रोज पहाटे पाचला उठा, एक तास स्वतःला द्या, रविवारी फोन बंद ठेवा वगैरे. आता होमस्टे चालवणाऱ्या बाईने रविवारी फोन बंद ठेवला तर तिचं बुकिंग कोण घेणार, आणि एप्रिलमध्ये पहाटे पाचला आंबा बागायतदार आधीच उठून माणसं गोळा करत असतो. आपल्याकडे काम वर्षभर एकसारखं नसतंच, दोन-तीन महिने जीव काढतं आणि मग अचानक सैल पडतं, बागेचं वेगळं, मासेमारीचं वेगळं, पर्यटनाचं वेगळं, शाळा-बँकेचं वेगळं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्वतःचा वेळ हंगामाच्या मापाने काढायचा. धावपळीच्या महिन्यात पंधरा मिनिटं मिळाली तरी ती पुरे मानायची, आणि सैल महिन्यात अख्खी दुपार मोकळी मिळाली तर ती दुसऱ्या कामाने भरू द्यायची नाही. यातलं दुसरं जास्त कठीण आहे हे सांगून ठेवतो, कारण आपल्या लोकांना मोकळं बसलं की अपराधी वाटतं, कोणीतरी येऊन "काय, आज काम नाय वाटतं?" असं विचारेल याची धास्ती असते.

आधी वर्ष मांडा, दिवस नंतर

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, त्याच्या बारा पानांवर पेन्सिलीने फक्त तीन खुणा करायच्या: जीव काढणारा महिना, मध्यम महिना, सैल महिना. घरात दोन-तीन धंदे असतील (आणि कोकणात बहुतेक घरांत असतातच, थोडी कलमं, थोडं भात, एक नोकरी, दोन खोल्या पर्यटकांना) तर प्रत्येकाची खूण वेगळी करा, मग कळतं की खरी मोकळी जागा कुठे आहे.

उदाहरणं देतो. हापूसवाल्याचं बघा, मोहोर यायला लागला की फवारण्या सुरू, मार्चपासून काढणी, एप्रिल-मे पेट्या आणि गाड्या, शेवटी उरलेला माल कॅनिंगला घालेपर्यंत उसंत नाही. मग पावसाच्या तोंडावर झाडांना खत, भात असेल तर लावणी. म्हणजे खरा सैल काळ लावणी आटोपल्यावर गणपतीपर्यंत, आणि भात कापून झाल्यावर मोहोराची कामं अंगावर येईपर्यंत थोडासा. होमस्टेवाल्यांचं वेगळं, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, पूर्ण मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यात श्वास घ्यायला वेळ नाही, पण जुलैत बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात. यांत्रिक होड्यांना दरवर्षी साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला बाहेर निघतात, खलाशांना विश्रांती मिळते. मासे विकणाऱ्या बायकांना मात्र ही बंदी सुट्टी देत नाही, त्या सुकी मासळी घेऊन बाजारात असतात आणि त्याच महिन्यात मुलांच्या शाळा सुरू होतात. घरात एकाचा सैल महिना असतो तेव्हा दुसऱ्याचा असतोच असं नाही, हे कॅलेंडरवर दोघांच्या खुणा शेजारी शेजारी केल्याशिवाय लक्षात येत नाही.

नोकरीवाल्यांचं तुलनेने सरळ आहे. बँकेत मार्चअखेर, शाळेत परीक्षा आणि ऑनलाइन माहिती भरायचे दिवस, एसटीत गणपती आणि शिमग्याच्या जादा गाड्या. बँकेत असाल तर महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ पासून सुट्टीचा आहे, त्यातला एक घरकामाला आणि एक स्वतःला असा आत्ताच पेन्सिलीने वाटून टाका, नाहीतर दोन्ही बाजारहाटातच जातात.

एक गोष्ट खास सांगायची आहे. गणपती आणि मे महिना, चाकरमानी गावी येतात, घर भरतं, आनंद असतोच त्यात शंका नाही, पण वर्षभर गावात राहणाऱ्या बाईसाठी हेच दिवस सगळ्यात थकवणारे असतात. कॅलेंडरवर हे दिवस सणाचे म्हणून रंगवू नका, जीव काढणारे म्हणूनच खूण करा आणि ते संपल्यावर लगेचचे दोन दिवस रिकामे ठेवा. त्या दोन दिवसांत पाहुणा नाही, लग्न नाही, साफसफाई नाही.

मग एक आठवडा लिहून काढा

फार काही नको. आठवडाभर रात्री झोपताना वहीत दोन-चार ओळी लिहायच्या, आज कुठे कुठे किती वेळ गेला. यात तीन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे फोन, गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, बुकिंगचा ग्रुप, एक मेसेज बघायला उघडला आणि अर्धा तास गेला. दुसरं म्हणजे फेऱ्या, तालुक्याला एका कामासाठी सोमवारी, दुसऱ्यासाठी मंगळवारी, तिसऱ्यासाठी गुरुवारी. बाजाराच्या दिवशी सगळी कामं एकत्र केली की अख्खी एक सकाळ सुटते. तिसरं म्हणजे झोप.

झोपेबद्दल मी जरा ठामच बोलणार आहे. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप लागते, आणि तुमच्या वहीत ती पाच-साडेपाच दिसत असेल तर छंद, योगा, फिरणं हे सगळं बाजूला ठेवा आणि पहिले दोन आठवडे मिळालेला प्रत्येक मोकळा क्षण झोपेला द्या. झोप अपुरी असताना पहाटे लवकर उठून स्वतःसाठी वेळ काढायचा म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकणं आहे. मे महिन्यात काढणी पहाटे सुरू होते आणि रात्री पेट्या भरत जागरण होतं, तेव्हा दुपारी जेवणानंतर पडवीत वीस-तीस मिनिटं आडवं व्हा. तीन वाजायच्या आत उठा मात्र, उशिरा झोपलात तर रात्रीची झोप जाते.

तुम्हाला काय हवंय, एकांत की माणसं

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि म्हणून चुकीची गोष्ट निवडून दोन आठवड्यांत सोडून देतात. सोपी कसोटी अशी: तुमचं काम दिवसभर माणसांशी बोलण्याचं असेल, हॉटेल, खानावळ, दवाखाना, शाळा, बँकेचं काउंटर, तर तुम्हाला बहुतेक एकांत हवा असतो. आणि काम एकट्याचं असेल, बागेत राखण, हिशेबाचं टेबल, घरी लॅपटॉपवर, तर माणसं हवी असतात.

माणसं हवी असणाऱ्यांसाठी कोकणात सोय आधीच आहे, नवीन काही शोधायला नको. वाडीतलं भजनी मंडळ आहे, आठवड्यातून एकदा देवळात बसतं, आवाज चांगला नसला तरी झांजा वाजवायला कोणीही चालतो. रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी या लोककलांच्या तालमी, सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार. रात्रभर नाटक बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ आधीच मोकळी करून ठेवा, तेवढं पथ्य पाळलं तर मनाला त्याच्यासारखा दुसरा बदल नाही. तेवढा वेळ आपण कोण, आपलं कर्ज किती, उद्या कोण येणार हे सगळं विसरायला होतं.

एकांतवाल्यांसाठी वाचनालय ही फार दुर्लक्षित जागा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, आणि कोकणातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी वाचनालय आहे जिथे पंख्याखाली तासभर पेपर-मासिकं चाळत बसता येतं, कोणी काही विचारत नाही. कोविडनंतर गावी येऊन घरून काम करणाऱ्यांनी तर हे जरूर करावं. त्यांचा एक वेगळा त्रास असतो, कामाला हद्दच राहत नाही, जेवणाच्या ताटाशेजारी लॅपटॉप. त्यांना माझा सल्ला एकच, दिवेलागणीला लॅपटॉप बंद करायचा. घरात दिवा लागला, आता उद्या. अलार्म आपण पुढे ढकलतो, पण तिन्हीसांजेला घरात कोणी ना कोणी दिवा लावतंच, त्यामुळे ही खूण टिकते. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांना हे जमणार नाही, त्यांनी उलट सकाळचे दोन तास स्वतःचे ठेवावेत.

वेळ मागावा लागतो, आणि तो नीट शब्दांत मागावा लागतो

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, त्यातही बायका. घरातल्या बाईचा मोकळा वेळ म्हणजे दुसऱ्या कोणीतरी त्या वेळी चूल सांभाळणं, याला दुसरा मार्ग नाही. "मला जरा वेळ मिळायला हवा" असं म्हटलं तर सगळे मान डोलावतात आणि काहीच बदलत नाही. त्याऐवजी दिवस, वेळ आणि काम तिन्ही सांगायचं.

"अहो, बुधवारी संध्याकाळी पाच ते सात मी भजनाला जाणार आहे. गेस्टचा चहा तुम्ही करा, कांदा चिरून, पोहे भिजवून मी ठेवते, फोडणी तेवढी द्या."

किंवा सासूबाईंना, "आई, शनिवारी दुपारी मी दोन तास माझ्या खोलीत असणार, झोपेन किंवा वाचेन, धाकट्याला तेवढं तुमच्याजवळ ठेवाल का? रविवारी देवळात जायचंय ना तुम्हाला, तेव्हा मी घरी आहे."

बदल्यात काय देणार हेही त्याच वाक्यात सांगितलं की पुढचा माणूस लवकर तयार होतो. आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोहे खारट होतील, मूल रडेल, गेस्टला चहा उशिरा मिळेल, तेव्हा मधेच उठून यायचं नाही. तुम्ही उठून आलात की तो वेळ कायमचा गेला समजा. पुरुषांनी एवढं ऐकावं, बायकोने वेळ मागायची वाट बघू नका. तुम्ही संध्याकाळी बंदरावर किंवा नाक्यावर तासभर बसता तो तुमचा ताजं होण्याचा वेळच आहे, फक्त त्याला कोणी तसं नाव दिलेलं नाही, आणि तेवढाच तिचाही असायला हवा.

गणपतीत आलेल्या चाकरमान्यांनाही कामं वाटून द्या, तेही घरचेच आहेत. एका दिवशीची सकाळची न्याहारी मुंबईवाल्यांनी करायची असं आधी फोनवरच ठरवलं तर कोणालाच वाईट वाटत नाही.

एकट्याचं दुकान असेल तर शेजारच्या दुकानदाराशी अदलाबदल करा, मंगळवारी दुपारी तुम्ही त्याचं बघा, गुरुवारी तो तुमचं बघेल. होमस्टेवाल्यांनी आठवड्यातला एक दिवस, बहुतेक मंगळवार किंवा बुधवार, बुकिंग घ्यायचंच नाही असं ठरवून टाका. हंगामात तो एक दिवस सोडायला जीवावर येतं हे मला माहीत आहे, पण सलग मे महिना ओढल्यावर शेवटच्या आठवड्यात गेस्टशी ज्या आवाजात आपण बोलतो तो आवाजही धंद्याला मारकच असतो.

समुद्रावर फिरायचं तर घड्याळ नको, तिथी बघा

समुद्र जवळ असून वर्षानुवर्षं वाळूत पाय न ठेवलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. फिरण्यासारखं स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, म्हणजे रोज अर्धा तास भरभर चालणं, पाच दिवस. बागेत दिवसभर चढ-उतार करणाऱ्यांची हालचाल होतच असते, त्यांनी समुद्रावर चालायला नको, बसायला जावं.

अडचण अशी येते की सकाळी सहाला जायचं ठरवलं, चार दिवस छान मोकळी पुळण मिळाली, आणि आठवड्याने बघावं तर पाणी वरपर्यंत, चालायला जागा नाही, मग कंटाळून सवय मोडते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून असं होतं. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, साडेदहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, सव्वाअकराच्या पुढेमागे भरती, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, फिरायला जाण्यासाठी तेवढं पुरतं. होडीने जायचं असेल किंवा खडकावरून वळसा घालायचा असेल तर मात्र भरतीचा तक्ताच बघा आणि गावातल्या कोळ्याला विचारा.

यातून कामाची गोष्ट काय निघते, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ओली, घट्ट, रुंद वाळू मिळते. गुहागर, भाट्ये, मुरुड-कर्दे, चिवला, वेंगुर्ल्याचा सागरेश्वर, कुठेही. हे दिवस समुद्राचे ठेवा. सप्तमी-अष्टमीला सकाळ-संध्याकाळ भरती असते, तेव्हा गावातल्या रस्त्याने, जेटीवर, सावंतवाडीत असाल तर मोती तलावाच्या कडेने फिरा. कॅलेंडरवर तिथी छापलेलीच असते, महिन्याच्या सुरुवातीला पाच मिनिटं बसून खुणा केल्या की झालं. फोन घरी ठेवून जा.

पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही, उधाणाच्या दिवसांत तर पुळणीवरसुद्धा लाटेपासून लांब राहायचं. एरवीही ओळखीची जागा नसेल तर स्थानिकांना विचारल्याशिवाय नको.

सैल महिन्यातला अर्धा दिवस

सैल महिन्यात आठवड्याला एक अर्धा दिवस घराबाहेर. लांब जायची गरज नाही, आपल्याकडे तासाभराच्या अंतरावर एवढं आहे. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली इथे आणि दापोली तालुक्यात उन्हवऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. पावसाळी गारव्यात लावणीने आखडलेली कंबर अशी सैल होते की बस. पाणी कुठे कुठे चांगलंच कढत असतं, आधी हात घालून बघा, आणि बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा. श्रावण-भाद्रपदात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रानफुलं येतात तेव्हा नुसतं कातळावर चालत जा. उक्षी, जांभरुण, कशेळीची कातळशिल्पं ज्यांच्या घरापासून जवळ आहेत त्यांनी तरी ती एकदा निवांत बघावीत, पर्यटक लांबून येतात आणि आपण शेजारी राहून गेलेलो नसतो.

नोकरीत असाल तर रजेचा हिशेब तपासा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. तो कायदा तुमच्या आस्थापनेला लागू आहे का ते आधी विचारून घ्या. बहुतेक लोक सगळी रजा लग्न, आजारपण आणि गणपतीत संपवतात. त्यातले दोन दिवस आत्ताच वेगळे काढा, अर्ज महिनाभर आधी द्या, कारण विचारलं तर "घरगुती काम" एवढं लिहायचं.

जीव काढणाऱ्या महिन्यात

इथे फक्त पंधरा मिनिटं, आणि ती कशाला तरी चिकटवलेली. संध्याकाळी हात-पाय धुतल्यावर मागीलदारी बसून चहा, एकट्याने, फोनशिवाय. किंवा शेवटची गाडी लोड झाल्यावर लगेच घरात न शिरता दहा मिनिटं अंगणात. वेगळी वेळ ठरवायला गेलात तर हंगामात ती कधीच येणार नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, भरपाई म्हणून तीस मिनिटं करायला जाऊ नका.

थकवा साधा राहिला नसेल तर

सैल महिना आला, झोप पुरी झाली, फिरणं झालं, तरी सकाळी उठवत नाही, कामाचा तिटकारा येतो, चांगलं काम केलं तरी काही जमलंच नाही असं वाटतं, तर ती वेगळी गोष्ट आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे बर्नआउटची, नोंद तिच्या या तीन लक्षणांसकट केली आहे. तिथे सुट्टी पुरत नाही, कामाचा बोजाच कमी करावा लागतो, त्यासाठी साहेबांशी, भागीदाराशी, घरच्यांशी बसून बोलावं लागतं. आणि त्याच्याही पलीकडे, सतत उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कर्जामुळे किंवा हंगाम वाया गेल्यामुळे गप्प झालेला माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याला नंबर नुसता पाठवू नका, शेजारी बसून लावून द्या.

वर्षातून चारदा कॅलेंडर पुन्हा बघा

मृग लागल्यावर, गणपती गेल्यावर, दिवाळी संपल्यावर आणि शिमग्याला. प्रत्येक वेळी घरातले सगळे बसून दोनच प्रश्न: पुढचे तीन महिने कोणाचे जड आहेत, आणि त्याचा वेळ कोण सांभाळणार. शिमग्याच्या बैठकीत बागवाल्यांनी पंधरा मिनिटांवर यायचं, मृगाच्या बैठकीत होमस्टेवाल्यांनी रिकाम्या दुपारी वहीत लिहून टाकायच्या, तिथेच, कोणी नवीन काम सुचवायच्या आत. पेन्सिलीने लिहा, आंबा पंधरा दिवस मागेपुढे होतोच.